टायर किती रुपयांचा नाही, एका रनला किती रुपयांचा?

ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानावर आखलेल्या मार्गावरच्या घड्याळाशी शर्यतीला, उतरणाऱ्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वस्त टायर कुठे मिळतात? मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघते, त्यामुळे माझे उत्तर जरा कारकुनी असते. समजा, तीन हजारांचा टायर वीस रन (त्या मार्गाच्या वीस फेऱ्या) चालला, तर रनमागे दीडशे रुपये पडले. चार हजारांचा चाळीस रन चालला, तर शंभर. म्हणजे महाग कोणता? दुकानदार हे गणित करून देणार नाही. चारही टायरच्या आतल्या बाजूला पेंटने आकडे टाका आणि वहीत लिहीत जा: कोणता टायर, गाडीच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या मैदानावर, किती हवा. दोनतीन इव्हेंटनंतर पैसा कुठे गळतो ते त्या वहीतच दिसते.

आमची गाडी जुनी स्विफ्ट. मी आणि माझा धाकटा दीर, दोघे तीच चालवतो, म्हणजे टायरवर भारही दुप्पट.

खरेदीआधी त्या इव्हेंटचे नियम वाचा. कोणत्या गटात कोणता टायर चालतो हे आयोजक आधी कळवतात, आणि स्क्रूटिनीत (शर्यतीआधीच्या तपासणीत) अडकलेला टायर सगळ्यात महाग. मग दुकानांत फिरा, पण नवा टायर मागू नका. आपल्याकडे नवी गाडी घेतली की पोट्टे पहिल्यांदा काय करतात? लोखंडी रिम काढून अलॉय टाकतात अन् रुंद टायर चढवतात. काढलेला कंपनीचा सेट दुकानाच्या मागे पडून असतो. शेदोनशे किलोमीटर चाललेला, जवळजवळ कोरा. दुकानदाराला जागा मोकळी हवी असते, तुम्हाला टायर हवा असतो. भाव करायला यापेक्षा चांगली वेळ नाही. रिमसकट घ्या, म्हणजे रेसचा सेट वेगळा राहतो आणि दरवेळी टायर उतरवा-चढवायची मजुरी वाचते. बोल्टची संख्या, त्यांच्यातले अंतर आणि मधल्या भोकाचा व्यास मात्र आपल्या हबशी (चाक ज्यावर बसते त्या भागाशी) जुळवून बघा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चार-पाच वर्षे गोदामात पडलेला टायर दिसायला नवा असतो, पण रबर कडक झालेले असते. रस्त्याच्या सेटसाठी सवलतीत मिळाला तर एकवेळ बघा, रेससाठी नको. काहींवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडाही असतो. २०० वाला साधारणपणे मऊ, पकड जास्त, झीज जास्त. ४०० वाला टिकाऊ. पण एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावू नका, प्रत्येकीचे मोजमाप आपापले. रबर चढवलेला रिट्रेड टायर कितीही स्वस्त मिळो, रेसला लावू नका. आतला सांगाडा किती जुना आहे हे बाहेरून दिसत नाही.

आपल्या भागात मैदान बहुधा मुरमाचे असते, नाहीतर काळ्या मातीचे. मुरमात झिजेपेक्षा कापले जाण्याने टायर जास्त मरतात. म्हणून दिखाऊ, बुटक्या साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) मोह टाळा. १६५/८० आर १४ ही उंच बाजूची आकृती कॅफेसमोर शोभत नाही, पण दगड लागला तर रिम वाचवते. सकाळी मैदान पायी फिरताना गाडी न्यायची ओळ तर बघाच, पण धारदार गिट्टी कुठे वर आली आहे तेही बघा. त्या कोपऱ्यात एक फूट बाहेरून गेलात तर वेळ शतांशात जाईल, टायर राहील.

आता हवा. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. आधी हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याला सेन्सरच बिघडल्याचे सांगावे लागले. तिथे तसे होऊ शकते, तर पंक्चरच्या दुकानात कंप्रेसरवर लटकलेल्या, रोज जमिनीवर आपटणाऱ्या गेजवर काय भरवसा ठेवायचा? एकच गेज कायम वापरा. तो एखादा पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) खोटा बोलत असला तरी रोज सारखाच खोटा बोलतो, आणि तुलनेला तेवढे पुरते.

तापमान साधारण सहा अंशांनी चढले की टायरमधली हवा जवळजवळ एक पीएसआयने वाढते. जानेवारीत पहाटे १२ अंशांना भरलेली हवा दुपारी ३० अंशांना तीन पीएसआय जास्त असते, तेही गाडी जागची न हलता. उन्हाच्या बाजूचे दोन टायर आणखी वर. म्हणून सावलीत मोजा आणि रन संपताच पुन्हा मोजा. डांबरावर पळायचे असेल, तर शाळेचा खडू घेऊन टायरच्या खांद्यावरून, म्हणजे बाजू सुरू होते त्या कडेवरून, खाली साइडवॉलपर्यंत रेघ ओढा. रननंतर रेघ साइडवॉलवरही पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, खांद्यावरही पुसली गेली नसेल तर जास्त. मातीत या खडूचा उपयोग नाही, सगळेच धुळीने माखते. नायट्रोजनला वेगळे पैसे मोजू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

डांबरावर दोघे एकच गाडी चालवत असाल तर दुसऱ्याच्या वेळेला टायर तापलेले असतात. शेतात फवारणीला वापरतात तो पाठीवरचा पंप आम्ही नेतो, आत साधे पाणी. रन संपला की समोरच्या दोन टायरवर मारायचे. लोक हसतात. पण तापलेला टायर घसरतो, आणि घसरला की लोण्यासारखा वितळत जातो.

पुढची दोन चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी जातात, म्हणून प्रत्येक इव्हेंटनंतर पुढचे मागे, मागचे पुढे करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर डावे-उजवेही बदला, कारण कोर्सला एकाच बाजूची वळणे जास्त असली की एकच खांदा खाल्ला जातो. बाण नाही आणि ‘आउटसाइड’ असेही लिहिलेले नाही, तर टायर रिमवरून काढून उलटा बसवता येतो. झिजलेला खांदा आत, कोरा बाहेर. याची मजुरी लागते, पण त्या पैशात अर्ध्या टायरचे आयुष्य परत मिळते.

टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना धार लागत असेल तर टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर सुतळी ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचे अंतर मोजले की चूक घरीच कळते. दुरुस्ती दुकानात करून घ्या. स्ट्रटच्या (चाकाला धरणाऱ्या शॉकअॅब्सॉर्बरच्या) खालच्या बोल्टांमध्ये थोडी जागा असते. तिथे चाकाचा माथा आत ढकलून बोल्ट आवळले की वळणात बाहेरचा खांदा कमी झिजतो. हा चाकाचा कललेला कोन, म्हणजे कॅम्बर, हलवला की टो पुन्हा बघायचाच.

नागपुरात टायरचा खरा वैरी गच्ची. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. तशा उन्हात उघडा ठेवलेला सेट एका उन्हाळ्यात वाया जातो. धुऊन, पुसून, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरातल्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवा. माझा सेट दिवाणाखाली असतो, सासूबाईंच्या पापडाच्या डब्यांशेजारी, आणि त्यावरून घरात जे बोलणे होते ते इथे लिहीत नाही. चेन्नईच्या ट्रॅकला जायचे तर नागपूरपासून अकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. रेसचा सेट मागची सीट पाडून आत टाका आणि रस्त्याच्या टायरवर जा.

साइडवॉलला फुगवटा किंवा काप दिसला, आतल्या तारा दिसल्या, की काटकसर बंद. बाजूच्या पंक्चरला दुरुस्ती नसते. ट्रेडमधल्या (जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या) लहान भोकाला आतून मशरूम पॅच, म्हणजे दांडीसकट ठिगळ, लावून घ्या. बाहेरून खुपसलेल्या दोरीवर रेस करू नका. ट्रेड १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकला की तो टायर रस्त्यावरही चालत नाही. अशा वेळी दीर नेमका म्हणतो, “वैनी, अजून एक रन निघते ना!” मी जॅक हातात घेते आणि त्याला नट ढिले करायला लावते.