लिनक्सवर वायफाय रांगतंय? आधी या चुका टाळा

‘लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि नेट स्लो झालं.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही आता पाठ आहे: ‘सगळं करून बघितलं.’ या ‘सगळं’मध्ये डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदललेला असतो, आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेलं असतं, कुठून तरी उचललेल्या चार ओळी सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारात, चालवलेल्या असतात आणि शेवटी वैतागून डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदललेली असते. मोजलेलं मात्र काहीही नसतं.

न मोजता दुरुस्तीला लागणं

स्पीड टेस्टचा आकडा कमी आला म्हणजे दोष वायफायचाच, असं नाही. माझी सवय अशी: आधी लॅपटॉपला राउटरची केबल लावतो. केबलवरही तोच रडका आकडा आला तर वायफायला हात लावत नाही. केबलवर ठीक असेल तर लॅपटॉप होता त्याच जागी फोन ठेवून टेस्ट करतो. फोनही रडला तर गडबड राउटरची किंवा जागेची. फोन पळतोय आणि लॅपटॉप रांगतोय, तेव्हाच लिनक्सकडे वळायचं.

मग टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू’ (iw) या वायफायच्या कमांडने लिंकची, म्हणजे लॅपटॉप-राउटर जोडणीची, माहिती काढायची. त्यात तीन गोष्टी बघा: फ्रीक्वेन्सी, सिग्नल आणि टीएक्स बिटरेट (लॅपटॉप राउटरला कोणत्या वेगाने पाठवतोय तो आकडा). सिग्नल उणे ५० ते उणे ६० डीबीएम (ताकदीचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) असेल तर उत्तम, उणे ८०च्या आसपास असेल तर चमत्काराची अपेक्षा नको. एखादं मोठं डाउनलोड चालू ठेवून बघा, कारण लिंक निवांत असताना बिटरेट उगाच कमी दिसतो आणि लोक घाबरतात.

जुने ‘रामबाण’ उपाय चिकटवणं

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

एका मित्राचा लॅपटॉप. कनेक्शन १०० एमबीपीएसचं, फोनवर ९० मिळायचे, लॅपटॉपवर वीस-बावीसच्या वर काटा हलायचा नाही. गड्याने राउटर बदलला, दोनदा सिस्टिम नव्याने टाकली. मी लिंक बघितली तर बिटरेट बरोब्बर ५४. हा आकडा दिसला की माझे कान टवकारतात, कारण ५४ ही ८०२.११जी या जुन्या मानकाची कमाल मर्यादा, आणि त्यातून हाती येतात जेमतेम वीस-पंचवीस. जीनंतर एन आणि त्यानंतर एसी अशी वेगवान मानकं आली. लॅपटॉपचं वायफाय कार्ड एसी होतं, राउटर एसी होता, मग हे दोघं जुन्या भाषेत का बोलतायत?

मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या कमांडच्या) सेटिंगच्या फोल्डरात इंटेलच्या आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हरसाठी एक ओळ सापडली: ‘११एन डिसेबल’ची किंमत १. एकेकाळी काही इंटेल कार्डं सारखी तुटायची, तेव्हा हा तोडगा चालायचा. तो एन बंद करतो आणि एन गेलं की त्यावर उभं असलेलं एसीही जातं. ओळ काढली, रीबूट केलं, ८५च्या पुढे.

पण सिस्टिम दोनदा नव्याने टाकूनही ती ओळ आली कुठून? तर मित्राने स्वतःची एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी असलेली फाइल, करून ठेवली होती. नवी सिस्टिम टाकली की आधी ती चालवायची. दोन लॅपटॉपांपूर्वी तिच्यात ही ओळ घातलेली, वर कॉमेंट: ‘वायफाय फिक्स, डिलीट करू नये’. म्हणजे गडी प्रत्येक वेळी रोग स्वहस्ते टोचून घेत होता.

तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तारीख आणि कारण लिहून ठेवतो, आणि फरक पडला नाही तर ती लगेच मागे घेतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

५४वर अडकण्याचं आणखी एक कारण राउटरमध्ये असतं: सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत निवडलेली असणं. तिच्यासोबत एनचा वेग मिळतच नाही. एईएस या नव्या पद्धतीचा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

पॉवर सेव्हकडे दुर्लक्ष, किंवा अर्धवट लक्ष

राउटरला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघा. दोन मिलिसेकंद, तीन, मधेच दीडशे, पुन्हा दोन असं दिसलं तर वीज वाचवायला कार्ड डुलक्या काढतंय असा माझा पहिला संशय. ‘आयडब्ल्यू’नेच पॉवर सेव्ह तात्पुरतं बंद करून बघा. फरक पडला तर नेटवर्क मॅनेजरच्या (लिनक्सवर नेटची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये कायमचं बंद करा. आणि इथेच लोक घसरतात: बंद म्हणजे शून्य असेल असं समजून ‘वायफाय पॉवरसेव्ह’ला ० देतात. शून्य म्हणजे ‘डीफॉल्ट वापर’, १ म्हणजे ‘हात लावू नकोस’, बंद करायला २ आणि चालू करायला ३. उबुंटूत ते ३ करणारी फाइल आधीच ठेवलेली असते. तुमच्या शून्याने काहीच होत नाही आणि मग ‘तेही करून बघितलं’च्या यादीत भर पडते.

बाकीच्या, थोडक्यात

२.४ गिगाहर्ट्‌झच्या गर्दीत बसून ड्रायव्हरला शिव्या देऊ नका. ५ गिगाहर्ट्‌झवर जा. जमत नसेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो घ्या.

यूएसबी ३ची हार्ड डिस्क वायफाय डोंगलला खेटून लावू नका, तिचा गोंगाट २.४च्या पट्ट्यातच पडतो. डोंगल लांब नेणारी साधी एक्स्टेन्शन केबल घ्या.

डीएनएस बदलल्याने पान उघडायला सुरुवात लवकर होईल, डाउनलोड पळणार नाही.

रीअलटेकच्या काही कार्डांना एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर भलत्याच जोडणीवर ऐकत बसतो. राउटरशेजारी बसूनही सिग्नल उणे ८० असेल तर ड्रायव्हरच्या ‘अँट सेल’ (ant_sel) या अँटेना निवडायच्या सेटिंगला १ आणि मग २ देऊन बघा.

१०० एमबीपीएसवर डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइट दिसतंय? आठ बिटांचा एक बाइट. काहीही बिघडलेलं नाही.

एवढं करूनही अडलात तर विचारा जरूर. फक्त सोबत कार्डाचं नाव, चालू असलेला ड्रायव्हर, डीमेसेज (dmesg) या सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधल्या फर्मवेअरच्या (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) ओळी आणि डाउनलोड चालू असतानाची लिंकची माहिती आणा. नुसतं ‘स्लो आहे’ म्हणालात, तर मी तुम्हाला केबल लावायलाच सांगणार आहे.