शिडीवर रंगाचा डबा आणि ब्रश: या चुका टाळा

शिडी चढायला दोन हात लागतात. रंग मारायला एक हात ब्रशला लागतो आणि एक डब्याला. हा हिशोब कुठेच जुळत नाही, तरी दिवाळीच्या आधी घरोघरी माणसं एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश घेऊन वर चढलेली दिसतात आणि कोपराने शिडी धरून ठेवतात. रंग चांगला, शिडी धड, माणूसही धडधाकट. तरी काम बिघडतं, कारण डबा कुठे राहणार हे कोणी ठरवलेलंच नसतं. हे जमिनीवर उभं असताना ठरवायचं. वर गेल्यावर जे सुचतं ते बहुधा चुकीचंच असतं.

डबा हातात घेऊन चढणं

प्लास्टिक इमल्शनचा, म्हणजे भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा, ४ लिटरचा डबा साधारण साडेपाच किलो भरतो. जमिनीवर हे वजन काहीच वाटत नाही. शिडीवर मात्र तो एका बाजूला लोंबकळतो, प्रत्येक पायरीला आतला रंग हिंदकळतो आणि पातळ कडी बोटांत रुतते. बोटं दुखायला लागली की माणूस हात बदलायला जातो. नेमक्या त्या क्षणी शिडीवर त्याचा एकही हात नसतो.

चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीला टेकलेले हवेत. डबा हातात असेल तर हे जमतच नाही. म्हणून हात रिकामे ठेवून चढायचं आणि डब्याने आपल्या आधी वर जायचं. जमिनीवरून हात पोचेल त्या पायरीला तो आधीच अडकवून ठेवा, मग चढा. त्याहून उंच जायचं असेल तर वर पोचून, नीट उभं राहून, विहिरीतून कळशी ओढावी तसा दोरीने ओढून घ्या. खालच्या माणसाने डबा उंच करून हातात देणं ही मदत नाही. देणारा टाचा उंचावतो, घेणारा खाली वाकतो, आणि तेवढा वेळ शिडी कोणीच धरलेली नसते.

दुकानातून आणलेला डबा तसाच वर नेणं

यात बहुतेक जण आळस करतात. मूळ डब्यातून दुसऱ्या डब्यात रंग ओतायचा म्हणजे एक भांडं जास्त धुवायचं, एवढंच कारण असतं. पण जरा हिशोब करून बघा. गुळगुळीत भिंतीवर अर्धा लिटर इमल्शनमध्ये रंगाचा एक हात, म्हणजे एक थर, साधारण ५० चौरस फुटांना सहज पुरतो. शिडी न हलवता, अंग बाहेर न काढता तुम्ही फार तर १५-२० चौरस फूट रंगवू शकता. म्हणजे चार लिटर वर नेऊन त्यातला बराचसा रंग नुसता वर-खाली फिरवायचा असतो. वर नेलेला डबा सांडला तर सगळा सांडतो, आणि उघडा राहिलेला रंग पंख्याच्या किंवा खिडकीच्या वाऱ्याने घट्ट होत जातो तो वेगळा.

१ लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि त्यात तिसरा हिस्सा, फार तर अर्धा भरेल एवढाच रंग ओता. ब्रश बुडवायला तेवढा पुरतो. शिवाय काठापासून रंग खाली राहिल्यामुळे डबा थोडा कलंडला तरी बाहेर येत नाही. मूळ डब्याचं झाकण लगेच दाबून बंद करा आणि तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. शिडीच्या पायाशी ठेवलात तर उतरताना पाय थेट त्यातच पडतो.

ऑइल पेंट असेल तर ओतताना जुन्या मलमलच्या कापडातून गाळून घ्या. वर साय धरलेली असते, तिचे तुकडे ब्रशला चिकटून ग्रीलवर बसतात आणि मग वरच उभं राहून नखाने काढत बसावं लागतं.

आकडा चुकीचा निवडणं

टेकवायच्या शिडीला डबा अडकवण्यासाठी एस आकाराचा आकडा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात तो अगदी किरकोळ किमतीला मिळतो. लोक तो घेत नाहीत आणि हाताशी असलेल्या बाइंडिंग वायरचा, म्हणजे सळया बांधायच्या तारेचा, वळवतात. बाइंडिंग वायर मऊ असते. पहिल्या तासाला ठीक वाटतं, मग वजनाने आकडा हळूहळू उघडत जातो आणि बघता बघता सरळ होतो. सुतळीने बांधलेला डबाही तसाच. ॲल्युमिनियमच्या पायरीच्या कडेला सुतळी घासते आणि तुटते. ६ मिलिमीटरच्या सळईचा आकडा करून घ्या, पायरीवर बसणारं टोक अर्ध्याहून जास्त वळलेलं असू द्या, म्हणजे धक्का लागला तरी तो उडत नाही.

आता आणखी एक बारीक गोष्ट, जी वर चढल्यावरच कळते. टेकवलेली शिडी तिरकी असते, पण लटकवलेला डबा सरळ खाली येतो. त्यामुळे तो शिडीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जातो. दोन पायऱ्यांमध्ये साधारण १ फूट अंतर असतं. डबा, त्यावरची उभी कडी आणि आकडा, हे सगळं त्यात जेमतेम मावतं. आकडा लांब असेल तर डब्याचं बूड खालच्या पायरीला टेकतं, डबा तिरका होतो आणि रंग एका बाजूला गोळा होतो. माणसाला वाटतं डबा वाकडा आहे, म्हणून तो कडी वाकवत बसतो. कडीचा काही दोष नसतो, आकडा आखूड करायला हवा.

डबा पायरीच्या मधोमध लटकवू नका, तिथे तो गुडघ्याला लागतो. उजव्या हाताने रंगवत असाल तर उजव्या उभ्या दांड्याला लागून, पण शिडीच्या आतच, छातीच्या उंचीला. मग ब्रश अंगावरून आडवा न जाता डब्यात जातो आणि डावा हात शिडीवर राहतो. पायाजवळच्या पायरीला लटकवलेल्या डब्यासाठी दर वेळी वाकावं लागतं. वाकून पुन्हा सरळ होण्यातच तोल जातो.

प्लास्टिकच्या बादल्यांची कडी कानातून निसटते, हेही ध्यानात ठेवा. वर नेण्यापूर्वी भरलेली बादली जमिनीवर दोन-चार वेळा उचलून झटका देऊन बघावी. निसटायची असेल तर इथेच निसटू दे.

घोड्याच्या वरच्या पायरीवर उभं राहणं

घडीच्या शिडीची, म्हणजे आपल्या घोड्याची, सगळ्यात वरची पायरी डब्यासाठी असते, पायासाठी नाही. उभं राहायचं ते तिच्याखालच्याही पायऱ्या सोडून. लोक उलटं करतात: स्वतः वर उभे राहतात आणि डबा खालच्या पायरीवर ठेवतात, म्हणजे उतरताना पाऊल नेमकं त्यावर.

वरच्या सपाट पायरीवर ठेवलेला डबाही नुसता ठेवू नका. एक दोरी कडीतून ओवून घोड्याला बांधा. घोड्याचे पाय पूर्ण फाकलेले आहेत आणि मधली पट्टी किंवा साखळी ताणलेली आहे, हे चढण्याआधी बघा. घोडा मिटलेल्या अवस्थेत भिंतीला टेकवून वापरणं तर मुळीच नको. त्याचे पाय तशा वापरासाठी केलेले नसतात, ते फरशीवरून घसरतात.

मुरलेले पेंटर घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहतात आणि न उतरता घोडा ‘चालवत’ खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. छतावर ब्रश चालूच असतो. बघायला झकास वाटतं. घरच्या माणसाने याची नक्कल करू नये. त्या पेंटरने तरी असं का करावं, हाही प्रश्नच आहे. घोडा सरकवायचा तर उतरायचं, डबा काढून खाली ठेवायचा, मग घोडा हलवायचा. वर डबा आहे हे विसरून घोडा ओढणं ही तर रोजची चूक. डोक्यावरून रंग ओघळेपर्यंत तिची आठवण होत नाही.

खाली वर्तमानपत्रं किंवा प्लास्टिक अंथरून त्यावरच शिडी उभी करणंही टाळा. फरशीवर कागद सरकतो आणि त्यासोबत शिडीही. शिडीचे पाय उघड्या फरशीवर ठेवा, अंथरायचं ते त्यांच्या भोवती. टेकवायची शिडी असेल तर ती जितक्या उंचीवर टेकते त्याच्या चौथ्या भागाइतका तिचा पाया भिंतीपासून लांब हवा. १२ फुटांवर टेकत असेल तर पाया ३ फुटांवर.

ब्रशचं काय करायचं?

डब्यात उभा सोडलेला ब्रश केसांवर उभा राहतो. केस वाकतात, दांडा रंगात सरकतो आणि मग तो रंगाळ दांडा हातात निसटायला लागतो. शिवाय अर्ध्या भरलेल्या हलक्या डब्यात ४ इंची ब्रशच्या वजनानेच डबा कलतो. खिशात ठेवला तर पँट जाते. दातात धरणारेही आहेत. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन तोंडाजवळ नेण्यात काय शहाणपण आहे, ते त्यांनाच ठाऊक.

सोपा उपाय असा: डब्याच्या काठाखाली समोरासमोर खिळ्याने दोन भोकं पाडा आणि त्यातून जाडसर तार आडवी ओवून टोकं बाहेर वळवा. या तारेवर ब्रश टेकून आडवा राहतो आणि जास्तीचा रंगही तिच्यावरच निथळता येतो. मग डब्याच्या काठावर ब्रश पुसावा लागत नाही. काठावर पुसलं की रंग खाचेत साचतो, बाहेरून ओघळतो आणि शिडीच्या पायरीवर उतरतो. ओल्या इमल्शनवर चप्पल कशी घसरते हे वेगळं सांगायला नको. चप्पल घालून शिडी चढूच नये, ती टाचेतून सुटते. बंद, रबरी तळव्याचे बूट घाला.

दुसरा उपाय जुन्या स्पीकरमधल्या लोहचुंबकाचा. पत्र्याच्या डब्याला तो आतून वरच्या बाजूला चिकटवा. ब्रशची पत्र्याची पट्टी त्याला धरून राहते आणि केस रंगाच्या वर लोंबतात. पट्टी पितळी असेल तर धरणार नाही, म्हणून दुकानातच चुंबक लावून बघा. ग्रील रंगवताना गॅलरीबाहेर हात जात असेल तर दांड्याच्या भोकात दोरी ओवून ती मनगटात सैल अडकवा. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला ब्रश खालच्यांच्या गाडीवरच पडतो. मात्र दोरी सैलच हवी, ती शिडीत अडकली तर हात सुटायला पाहिजे. गॅलरीच्या कठड्याबाहेर शिडी लावून किंवा इमारतीची बाहेरची भिंत रंगवणं हे घरच्याचं काम नाही. त्याला परांची बांधून, सुरक्षापट्टा लावून काम करणारी माणसं बोलवावीत.

रंग कोपरापर्यंत ओघळतोय

छत किंवा भिंतीची वरची कड रंगवताना ही तक्रार हमखास येते. ब्रश वर तोंड करून धरला की रंग केसांच्या मुळाशी उतरतो, पट्टीवरून दांड्यावर येतो आणि बाहीत शिरतो. बहुतेक लोक रंग जाड आहे की पातळ यावर खल करतात. खरं कारण ब्रश किती बुडवला यात असतं. केसांचा खालचा तिसरा भाग बुडवा, डब्याच्या आत दोन्ही बाजूंनी हलकेच टिचकी मारा, पुसू नका. तरीही ओघळत असेल तर प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध चीर पाडून ते दांड्यावर सरकवा, थेंब त्यात थांबतात.

मुठीत आवळून धरलेला ब्रशही त्रास देतो. मनगट वळत नाही म्हणून माणूस खांदा आणि मग अख्खं अंग वळवतो. पट्टीजवळ, पेन धरतो तसा धरा. अंग वळायला लागलं की ओळखा, शिडी हलवायची वेळ झाली. बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की आपण शिडीवर नाही, हवेत आहोत.

गावाकडे चुना मारताना तर डोळ्यांना चष्मा हवाच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर नुसती आग होत नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लगेच नळाखाली, निदान १५-२० मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

मुळात चढायची गरज आहे का?

फ्लॅटमधलं छत साधारण ९-१० फुटांवर असतं. रोलरला ४-५ फुटी दांडा लावला की छताचा मोठा भाग जमिनीवर उभं राहून होतो. शिडी फक्त कडांसाठी आणि पंख्याभोवती. दांडा लावलेला रोलर शिडीवर चढून वापरणारे दोन्हीकडून तोटा करून घेतात. रोलरचा ट्रेही शिडीवर नेऊ नये. तो उथळ असतो, श्वास घेतला तरी सांडेल.

पंख्याभोवती काम असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडून ठेवा. नुसतं बटण बंद केलं तर गरम होतंय म्हणून घरातलंच कोणीतरी येऊन ते चालू करतं. बाहेर वायर जवळून जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिकडे नेऊच नका.

सांडलाच तर

आधी उतरा. वरूनच फडकं मारायला वाकू नका. इमल्शन ओलं असेपर्यंत पाण्याने निघतं, त्यामुळे घाई खरी तिथे करायची. ऑइल पेंट मात्र पुसायला लागलात तर पसरतो. आधी पुठ्ठ्याने किंवा पुट्टीच्या पत्र्याने कडेकडून मध्ये गोळा करून उचला, मग टर्पेंटाइनचं फडकं. शहाबादी किंवा मार्बलची फरशी असेल तर डाग आत मुरतो, तिथे टर्पेंटाइन ओतू नका, फडक्यालाच लावा. ती फडकी नंतर बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर बाहेर पसरून वाळवा, मगच टाका. शिडीच्या पायऱ्या पुसून कोरड्या केल्याशिवाय पुन्हा चढू नका.