हौशी रेडिओच्या ॲम्प्लिफायरवरील वॉटमीटर कसा पडताळावा

ॲम्प्लिफायरच्या दर्शनी पॅनेलवरचा वॉटमीटर मुख्यतः ट्यूनिंगच्या सोयीसाठी बसवलेला असतो. त्यावरचा आकडा परवान्यातील शक्तिमर्यादेशी ताडून पाहायचा असेल, तर आधी तो मीटरच तपासून घेणे भाग आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा कारागीर केवळ यंत्राच्या डायलवर विसंबून नग पुढे पाठवत नाही, तो मायक्रोमीटर लावतोच. हौशी प्रसारकानेही आपल्या मीटरला हाच नियम लावावा.

सुरुवात माहितीपत्रकापासून करावी. तेथे लिहिलेले ‘±५ टक्के’ बहुधा पूर्ण स्केलचे असतात, दिसणाऱ्या आकड्याचे नव्हेत, आणि हा फरक मोठा आहे. हौशी मंडळींत प्रमाण मानल्या जाणाऱ्या बर्ड ४३ या मीटरचीही अचूकता अशीच सांगितलेली आहे. त्यात १००० वॅटचा एलिमेंट (मोजणीची कमाल मर्यादा ठरवणारा, बदलता येणारा भाग) असेल, तर स्केलवर कोठेही ५० वॅटची चूक संभवते. म्हणजे काटा १०० वर असताना खरी शक्ती ५० ते १५० वॅटच्या दरम्यान कितीही असू शकते. म्हणून काटा स्केलच्या वरच्या अर्ध्या भागात येईल असाच रेंज निवडावा.

प्रत्यक्ष पडताळणी अँटेनावर करू नये. एसडब्ल्यूआर (केबल व अँटेना यांचा मेळ किती बिघडला आहे ते दाखवणारे गुणोत्तर) २ झाला की पुढे जाणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ११ टक्के परत येते, आणि ती वजा केल्याशिवाय खरी शक्ती कळत नाही. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरली की हे प्रमाण दिवसागणिक बदलते. त्याऐवजी ५० ओहमचा, पुरेशा वॅटेजचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) जोडावा आणि जोडण्यापूर्वी त्याचा रोध मल्टिमीटरने मोजून घ्यावा. सिग्नल सीडब्ल्यूचा (मोर्स पद्धतीचा), अखंड कॅरियरचा असावा, कारण एसएसबी या आवाज पाठवण्याच्या पद्धतीत बोलताना सरासरी दाखवणारा मीटर पीईपीपेक्षा, म्हणजे शिखरावरील शक्तीपेक्षा, बराच कमी आकडा दाखवतो. प्रसारणाची की (कळ) काही सेकंदच दाबावी.

आता डमी लोडच्या टोकांवरील व्होल्टेज मोजायचे. ५० ओहमवर शक्ती म्हणजे शिखर व्होल्टेजचा वर्ग भागिले १००. १०० वॅटला शिखर १०० व्होल्ट, तर ४०० वॅटला २०० व्होल्ट येते. ऑसिलोस्कोप असला, तरी त्याचा साधा प्रोब थेट लोडवर लावणे धोक्याचे आहे, कारण प्रोबची व्होल्टेज सहन करण्याची क्षमता वारंवारता वाढेल तशी झपाट्याने घटते. व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर आणणारा डिव्हायडर आणि त्यापुढे जलद डायोड व कपॅसिटर असा पीक डिटेक्टर (शिखर व्होल्टेज धरून ठेवणारे मंडल) अधिक भरवशाचा ठरतो; मेन्स रेक्टिफायरमधला १एन४००७ डायोड येथे चालत नाही, तो फार मंद आहे. समजा, डिटेक्टरनंतर मल्टिमीटरने १८.४ व्होल्ट दाखवले. सिलिकॉन डायोडचे सुमारे ०.६ मिळवून १९.० होतात, त्यांची दहापट १९० आणि शक्ती ३६१ वॅट. डायोडचा हिशेब विसरल्यास उत्तर ३३९ च्या आसपास येते. व्होल्टेजमधील ३ टक्के चूक शक्तीत ६ टक्के होते, म्हणून डिव्हायडरचे रोध मोजून घेतलेलेच वापरावेत.

हीच मोजणी ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर स्वतंत्रपणे करावी. मीटरला नमुना देणाऱ्या कपलरचा प्रतिसाद सर्व बँडवर सारखा नसतो आणि माझ्या मते बहुतेक गैरसमज एकाच बँडवर तपासून थांबल्यामुळे होतात. प्रत्येक वेळी मेन्सचे व्होल्टेजही टिपून ठेवावे. संध्याकाळी ते उतरले की ॲम्प्लिफायरची शक्ती खरोखरच घटते आणि दोष विनाकारण मीटरवर जातो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल, तर समायोजनासाठी त्याचे झाकण उघडू नये. आतील उच्च व्होल्टेज प्राणघातक असते आणि पॅनेलवर दुरुस्तीचा तक्ता चिकटवूनही काम भागते.

१० टक्के फरक आढळला, तरी तो अर्ध्या डेसिबलहूनही कमी असतो आणि ऐकणाऱ्याला जाणवत नाही. मर्यादेच्या जवळ काम करणाऱ्याने मात्र तो आपल्या विरुद्ध बाजूने धरावा, म्हणजे मीटर १० टक्के कमी दाखवत असण्याची शक्यता गृहीत धरून तितकी शक्ती उतरवावी. कागदोपत्री दाखला हवा असल्यास कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी तिची मान्यता रेडिओ फ्रिक्वेन्सी शक्तीसाठी आहे का, हे विचारून घ्यावे. केवळ लांबी, दाब वा तापमानाच्या मोजमापाची मान्यता असलेल्या ठिकाणी हे काम होत नाही.