शौर्यपदकांविषयी लिहिताना या चुका टाळा

गावातील वीराचा स्मृतिफलक कोरताना किंवा शाळेच्या स्मरणिकेत त्याचा परिचय देताना पहिली चूक होते ती पदकाच्या नावातच. 'परम विशिष्ट सेवा पदक' मिळालेल्या अधिकाऱ्याचा उल्लेख 'परमवीर' असा केला जातो. वास्तविक ते पदक अत्युच्च दर्जाच्या सेवेसाठी दिले जाते, तर परमवीर चक्र शत्रूसमोर गाजवलेल्या असामान्य पराक्रमासाठी. 'सेना पदक' शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठ सेवेसाठीही, म्हणून ते कशासाठी मिळाले हे नोंदवल्याशिवाय वाक्य पूर्ण करू नये.

दुसरा गोंधळ दोन मालिकांचा आहे. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोरच्या शौर्याची आहेत. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रे त्या व्यतिरिक्तच्या शौर्याची असून ती नागरिकांना आणि पोलिसांनाही मिळू शकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक हाताने धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, ते याच नियमाने. मात्र म्हणून ही दुसरी मालिका सरसकट कनिष्ठ ठरत नाही: मानक्रमात अशोक चक्र परमवीर चक्राच्या लगेच खाली, म्हणजे महावीर चक्राच्या वर आहे.

परमवीर चक्र म्हणजे मरणोत्तर सन्मान, ही समजूत तर फारच पसरलेली आहे. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले, पण ७ जणांनी ते हयातीत स्वीकारले. त्यांत कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे आहेत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे त्यांनी शत्रूच्या माऱ्यात, स्वतः जखमी असतानाही दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली.

राणे यांच्याविषयी लिहिताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. त्या कामगिरीच्या वेळी ते बाँबे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातील अभियंता दलाचे, सेकंड लेफ्टनंट होते. मेजर ते पुढे झाले. म्हणून प्रसंग सांगताना त्या वेळचा हुद्दा द्यावा आणि अखेरचा हुद्दा वेगळा नोंदवावा. शिवाय परमवीर चक्राची स्थापनाच २६ जानेवारी १९५० रोजी, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू होईल अशा रीतीने झाली. त्यामुळे पराक्रमाची, घोषणेची आणि प्रदानाची तारीख एकच मानू नये. अलिबागचे अरुणकुमार वैद्य यांच्या बाबतीत तर १९६५ आणि १९७१ अशा दोन स्वतंत्र युद्धांसाठी महावीर चक्र मिळाले. दुसऱ्या वेळी फितीवर 'बार' म्हणजे पट्टी चढते, हे लक्षात न घेतल्यास एक सन्मान गहाळ होतो, आणि ज्याने जिवावर उदार होऊन तो मिळवला त्याच्यावर हा मोठा अन्याय आहे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या वीरांचीही गल्लत होते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान इटलीतील लढायांसाठी मिळाला. घाडगे यांना १९४४ च्या कामगिरीसाठी मरणोत्तर, जाधव यांना १९४५ च्या कामगिरीसाठी हयातीत.

फलक कोरण्यास देण्यापूर्वी भारताच्या राजपत्रातील मूळ प्रशस्तिपत्र आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरील नोंद काढून नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण आणि तारीख शब्दशः पडताळावी. मतभेद आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करावी आणि शेवटचा मसुदा कुटुंबीयांना वाचून दाखवावा.