अक्कलदाढेसाठी पूर्ण भूल घ्यायचीय आणि झोप उडालीय? मग हे वाचा

ऑपरेशनची तारीख मिळालीय आणि तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाहीये, अशांसाठी लिहितेय. माझ्या चारही अक्कलदाढा एकदम काढल्या, खालच्या दोन हाडात आडव्या झोपलेल्या होत्या आणि मला सुई नुसती दिसली तरी चक्कर येते, म्हणून जबड्याचे सर्जन म्हणाले की पूर्ण भूल देऊन एकाच वेळी उरकून टाकू. आमचं गाव देवगड तालुक्यात, ऑपरेशन कोल्हापूरला. मधे अठरा दिवस होते, त्यातले पहिले दहा मी नुसती घाबरण्यात घालवले, उरलेल्या आठांत जे केलं त्याचा खरंच उपयोग झाला.

सुरुवातीलाच एक विचारून घ्या, मला पूर्ण भूल का? कारण बहुतेक अक्कलदाढा तेवढीच जागा बधिर करून खुर्चीत बसल्या बसल्या काढतात आणि जिथे तसं जमतं तिथे तेच बरं. दाढा खूप खोल आहेत, चारही एकदम काढायच्यात, किंवा भीतीच एवढी आहे की माणूस खुर्चीत टिकत नाही, अशा वेळी पूर्ण भूल देतात. कारण कळलं की आपल्याला उगाच मोठ्या गोष्टीत ढकललंय ही शंका जाते.

आता भीतीचं. आमच्याकडे काही मोठं काम निघालं की देवळात गाऱ्हाणं घालतात, तसं बाबांनी माझ्यासाठी नारळ ठेवला. गुरव म्हणाले, ह्या चेडवाची दाढ काढूची आसा, भूल दितले, ती भूल नीट उतरांदे, चेडू हसत घराक येवंदे, आणि मागून सगळे व्हय म्हाराजा. मी तिथे हात जोडून उभी होते आणि डोक्यात आलं की गाऱ्हाण्यात मोघम कोणी बोलत नाही, कोणाचं काय अडलंय आणि नेमकं काय व्हायला हवं ते नाव घेऊन सांगतात. आणि मी दहा दिवस सगळ्यांना काय सांगत होते, तर फक्त "मला भीती वाटते". यावर समोरचा "काही होत नाही गो" याशिवाय काय बोलणार?

त्या रात्री लाईटबिलाच्या पाठीमागे लिहून काढलं. उठलेच नाही तर. मधेच जाग आली तर. सुई. गुंगीत काहीबाही बडबडले तर. ओकारी. ओठ कायमचा बधिर राहिला तर. सहा निघाल्या. मग प्रत्येकीपुढे लिहिलं की हे कोणाला विचारायचं, आणि सहातल्या पाचांपुढे एकच नाव आलं, भुलेचे डॉक्टर, ज्यांना मी तोपर्यंत भेटलेही नव्हते. तुम्हीही हे लिहाच, मनातल्या मनात करू नका, कागदावर उतरलं की ते मोजता येतं.

भुलेच्या डॉक्टरांना आधी भेटा

ऑपरेशनच्या आधी फिटनेससाठी तपासणी असते, रक्त, लघवी, साखर, गरज वाटली तर ईसीजी, आणि त्यानंतर भूलतज्ज्ञ बघतात. बरेच जण हा सहीशिक्क्याचा कारभार समजतात, तसं करू नका, तुमच्या भीतीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची भेट हीच. ते तोंड उघडायला लावतील, जीभ बाहेर काढायला सांगतील, मान मागे करून बघतील, हलणारा दात आहे का विचारतील, हे सगळं तुमचा श्वासाचा मार्ग कसा आहे ते बघण्यासाठी. तुमच्याकडून त्यांना जे सांगायचं ते काहीही लपवू नका. दमा, बीपी, शुगर, फिट येणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कसली ॲलर्जी, घरात कोणाला भुलेचा आधी त्रास झालाय का, वैद्यांचा काढा चालू असेल तर तोही. सिगारेट, दारू, तंबाखू, आणि आमच्याकडच्या बऱ्याच बायका दातांना मिश्री लावतात ती पण तंबाखूच, लाजून गप्प बसू नका. आधीपासून बंद केलीत तर जखम भरायलाही बरं. सर्दी खोकला ताप आला तर फोन करून कळवा, तारीख पुढे जाईल पण ते चालेल.

मी चिठ्ठी काढून समोर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती पूर्ण वाचली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, भूल देऊन मी चहा प्यायला जात नाही, तू झोपलीस की उठेपर्यंत माझं काम हेच, तुझ्याकडे आणि मॉनिटरकडे बघत राहणं. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं! मला वाटायचं इंजेक्शन देतात आणि मग आपण आपल्या नशिबावर. तर असं नाहीये, औषध थोडं थोडं चालूच ठेवतात आणि काम संपलं की बंद करतात, म्हणून आपण उठतो. तुम्हीही स्पष्ट विचारा की भुलेचे डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार ना, नंतर शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवायला कोण असेल. ह्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही, आणि उडवून लावलं तर दुसरीकडे विचारा, ह्यात भीड बाळगू नका.

मधेच जाग यायचं म्हणाल तर ब्रिटन-आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांची एक मोठी पाहणी २०१४ साली आली, त्यात पूर्ण भुलेच्या साधारण १९,००० केसमागे एकाने जाग आल्याचं सांगितलं होतं. शून्य नाही, पण माझ्या डोक्यात ते दर दुसऱ्याला होत होतं. बडबडीचं विचारलं तर कळलं की काम चालू असताना श्वासाची नळी घातलेली असते, बोलता येतच नाही, उठताना कोणी दोन शब्द असंबद्ध बोलतं, कोणी रडतं, थंडीने कुडकुडतं, आणि तिथल्या लोकांना त्याची रोजची सवय आहे.

ही नळी बऱ्याचदा नाकातून घालतात, कारण तोंडात सर्जनला काम करायचं असतं. आपण झोपल्यावरच घालतात आणि उठायच्या वेळी काढतात. पण मला हे आधी कोणी सांगितलं नाही, त्यामुळे उठल्यावर घसा खवखवतोय आणि नाकातून जरासं रक्त दिसलं तेव्हा काहीतरी बिघडलं वाटून मी खूप घाबरले. एक-दोन दिवसांत गेलं. तुम्हाला आता माहितीय.

ओठाचं मात्र सर्जनना विचारा. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी शीर जाते, ती किती जवळ आहे ते ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत दिसतं, लागलं तर सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढतात. एक्सरे उजेडाला धरून दाखवा म्हणा, माझी किती जवळ आहे ते विचारा. बधिरपणा आलाच तर बहुतेकांचा काही आठवड्यांत, महिन्यांत जातो, क्वचित कोणाचा राहतो, तुमच्यात किती शक्यता ते एक्सरे बघून तेच सांगतील.

आणि एक ऐतिहासिक गोष्ट, मला फार धीर देऊन गेली. भूल जगात आणायला पुढे झाले ते दातांचेच डॉक्टर. अमेरिकेत होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये स्वतःला नायट्रस ऑक्साइड देववून स्वतःचीच दाढ काढून घेतली आणि १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी सगळ्यांसमोर ईथरची भूल दिली आणि सर्जननी ऑपरेशन केलं, हे मॉर्टनही दंतवैद्यच. म्हणजे दाढेच्या दुखण्याला घाबरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांसाठीही हा सगळा खटाटोप होता.

घाट आणि ओकारी

हे फक्त कोकणातल्यांसाठी वेगळं लिहितेय. मला गाडी लागते, फोंडा घाट चढताना दाजीपूर येईपर्यंत पिशवी हातात असते. हे भुलेच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं, बोलता बोलता निघालं. त्या म्हणाल्या, ज्यांना गाडी लागते त्यांना भुलेनंतर मळमळायची शक्यता जास्त असते, त्यात दाढेचं रक्त पोटात गेलं की अजून. मग आधीच ओकारी न व्हायचं इंजेक्शन देतात. तर विसरू नका, गाडी लागते हे सांगाच. आणि त्याच संध्याकाळी घाट उतरायचा हट्ट धरू नका, कोल्हापूर असो नाहीतर गोवा, एक रात्र तिथेच नातेवाइकांकडे किंवा लॉजवर राहा. आम्ही मावसबहिणीकडे राहिलो, रात्री दोनदा उठून तिने बघितलं, त्याने आईलाही झोप लागली.

सुईला घाबरणाऱ्यांसाठी

हे आठवडाभर आधीपासून घरी करा, त्या दिवशी पहिल्यांदा केलं तर जमत नाही. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मी ओटीवर बसून करायची. ज्यांना माझ्यासारखी चक्कर येते त्यांनी मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरायच्या, दहा-पंधरा सेकंद, मग सैल, असं पाच वेळा, त्याने बीपी एकदम खाली जात नाही. सुई टोचायच्या हाताला मात्र सैल ठेवा. आडवं पडूनच सलाईन लावा म्हणून सिस्टरना सांगा, दुसरीकडे बघा, आणि टोचायच्या क्षणी खोका. खोकल्याची ही युक्ती सिस्टरनीच शिकवली. कातडी बधिर करायचं मलम पण मिळतं, ते तासभर आधी लावायला लागतं, म्हणून आधीच विचारून ठेवा.

यूट्यूबवर दाढ काढायचे व्हिडिओ बघू नका. मी बघितले, तीन रात्री गेल्या.

उपाशी राहणं

ह्यावर घरोघरी भांडण होतं. आई म्हणाली उपाशीपोटी कसली भूल, वाटीभर पेज तरी घे. घ्यायची नाही म्हणजे नाही. भुलेत घशाची राखण करणारी ताकद झोपते, पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, मोठा धोका हाच. साधारण नियम म्हणजे हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, तेलकट-मटण वगैरे असेल तर ८ तास, नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुम्हाला जी वेळ लिहून दिलीय तीच पाळा. दुधाचा चहा म्हणजे दूध, तो पाण्यात धरत नाहीत. चुकून खाल्लंत तर सांगून टाका, ऑपरेशन पुढे ढकलतील, बस्स. रोजची बीपी-शुगरची गोळी घ्यायची की नाही हेही आधीच विचारा. शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागा, उपास कमी आणि वाट बघत घाबरायला वेळच कमी मिळतो.

त्या दिवशी काय काय होतं

नेलपॉलिश काढून जा, बोटांच्या टोकांना गडद मेंदी असेल तर सांगा, कारण बोटाला जो चिमटा लावतात तो उजेडावर चालतो. मंगळसूत्र, कानातलं, पैंजण आधीच घरच्यांकडे. आईला दारापर्यंत येऊ दिलं, भिया नको गो, मी हयच आसंय, म्हणत ती थांबली आणि हॉस्पिटलच्या मावशींनी मला आत नेलं.

आत गारठा असतो, पांघरूण मागा, देतात. छातीला स्टिकर, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला तो चिमटा आणि मग टूक टूक आवाज सुरू. त्या आवाजाबद्दल मी विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, हा तुझाच ठोका, आणि ऑक्सिजन कमी झाला तर ह्याचा सूर खाली उतरतो, म्हणजे दुसरीकडे बघत असले तरी मला कळतं. मी तो सूर धरून श्वास मोजायला लागले. नाकातोंडावर मास्क, मग हातातून दुधासारखं पांढरं औषध, ते जाताना मनगटापासून वर जरा जळजळतं, तीही आधीच सांगून ठेवण्यासारखी गोष्ट, घाबरू नका. मी अकरापर्यंत मोजलं असेल. पुढचं आठवतं ते कोणीतरी नावाने हाक मारतंय आणि दातात बोळा.

नंतरचं थोडक्यात

बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिला दिवस थुंकायचं नाही, चूळ नाही, गरम नाही, आणि स्ट्रॉ अजिबात नाही, शहाळं प्यायचं तर पेल्यात ओतून. गालावर बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवून मधे थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या. उकड्या तांदळाची पेज गार करून, नाचणीचं सत्त्व, आटवल भात, ताक, ह्यावर माझे पाच दिवस निघाले, माशाचा काटा आणि तिखट आठवडाभर लांबच. २४ तास गाडी चालवू नका, सोबत मोठं माणूस पाहिजेच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आरशात बघून रडू येईल, ती तिथून उतरते. पण दुखणं कमी होत येऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उसळलं, तोंडाला वास यायला लागला, ताप आला, सूज उतरायच्या ऐवजी वाढत गेली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय, किंवा बोळा चावूनही रक्त थांबत नाहीये, तर वाट बघू नका. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर सुट्टी घेतानाच कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, आमच्याकडे रेंज जाते म्हणून मी शेजारच्यांकडेही देऊन ठेवला होता.