विनंती अर्ज विधानमंडळात नेण्याआधीची तयारी

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की गावागावांत निवेदनांची धांदल उडते. शेवटच्या आठवड्यात कागद तयार होतो, आमदारांच्या हातात दिला जातो, फोटो निघतो आणि पुढे काही होत नाही. नुसतं निवेदन नको, विनंती अर्जच द्या. निवेदन मंत्र्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या टेबलावर जातं. विनंती अर्ज सभागृहाच्या नावे असतो. सदस्य त्यावर प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात सादर करतो, कामकाजात त्याची नोंद होते आणि पुढे तो विनंती अर्ज समितीकडे जातो. ही समिती विभागाच्या सचिवांची साक्ष घेऊ शकते, आपला अहवाल सभागृहापुढे ठेवते. एवढ्या मोठ्या दारात जायचं तर तयारी दोन-तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं, तेव्हा दसऱ्यापर्यंत कागद हाती असले पाहिजेत.

सगळ्यात आधी हे बघा की तुमचा प्रश्न खरोखर विधानमंडळाचा आहे का. शुल्काच्या बाबतीत इथेच लोक चुकतात. गावची पाणीपट्टी वाढली असेल तर तो विषय ग्रामसभेतच मांडा. विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवतो, ती मुदत हुकवू नका. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्के वाढलं, तो निर्णय राज्य परिवहन प्राधिकरणातून झाला. मुद्रांक शुल्क मात्र थेट राज्याच्या कायद्यातलं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये अनेक दस्तांवरचं किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपयांवर गेलं. जातीचा, उत्पन्नाचा असे दाखले काढताना लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरचं शुल्क सरकारने पुढच्याच वर्षी माफ केलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क झाले. शुल्क कमी होऊ शकतं. मागणी योग्य ठिकाणी गेली पाहिजे. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर विनंती अर्जाचा नाद सोडा, तो दाखल करून घेतला जाणार नाही.

मग मागणी एकच ठेवा. रस्ता, दवाखाना, एसटी, शाळेची खोली असं सगळं एका अर्जात कोंबलं की प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उदाहरणादाखल बंद झालेली मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी सुटणारी एसटी घेऊ, कारण हा त्रास राज्यभर आहे आणि त्याची झळ सगळ्यात जास्त मुलींना बसते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, मार्च 2023 पासून महिलांना तिकीट अर्धं आहे. सवलती चांगल्याच आहेत. पण सकाळची फेरीच रद्द झाली तर त्या पासाचं करायचं काय? जी गाडी येतच नाही तिच्यात सवलत कुणाला मिळणार? अर्जाचा गाभा हाच ठेवा: सरकारने लोकांना जो हक्क दिला, तो सेवा बंद करून काढून घेता येणार नाही.

आता पुरावा. सगळी मेहनत इथे घाला, कारण सह्या कितीही असल्या तरी समितीपुढे अधिकारी एक आकडा फेकतो आणि विषय संपतो. आगाराचं उत्तर ठरलेलं असतं: भारमान (आसनांच्या मानाने प्रवासी) कमी. तेव्हा त्याच फेरीचं मागच्या वर्षभराचं महिनावार भारमान, रद्द झालेल्या फेऱ्यांच्या तारखा आणि रद्द करण्याचं नोंदवलेलं कारण माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराला 30 दिवस लागतात आणि बहुतेक वेळा पहिलं अपील करावं लागतं, हे धरूनच वेळ काढा. दरम्यान गावात एक वही ठेवा. गाडी किती वाजता आली, आली की नाही, थांब्यावर किती जण होते, त्यात विद्यार्थी किती, हे शाळेतल्या शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने रोज लिहावं आणि खाली सही करावी. महिनाभराची अशी नोंद आगाराच्या कागदाशेजारी ठेवली की खरं-खोटं आपोआप दिसतं. पुष्कळदा गाडीच अनियमित झाल्यामुळे माणसं वडापकडे, म्हणजे खासगी जीपकडे वळलेली असतात आणि मग तेच कमी भारमान फेरी बंद करायला कारण म्हणून दाखवलं जातं. शाळेतून दहावीनंतर गळालेल्या मुलींची संख्या मिळाली तर जोडा, नावं मात्र नकोत. दवाखान्याचा विषय असेल तर निकषच पुढे ठेवा: सपाट भागात 30,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

ग्रामसभेचा ठराव घ्या. त्याआधी महिला सभा व्हावी असं कायदाच सांगतो. ती कागदावर उरकू नका, पहाटे मुलीला थांब्यावर सोडायला जाणारी आईच हा विषय नीट सांगू शकते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. ठराव क्रमांकासह, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सहीची प्रत घ्या.

सह्यांच्या प्रत्येक पानावर वर मागणीचा मजकूर हवा, नाहीतर पुढे कुणीही म्हणेल की लोकांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या. पूर्ण नाव, गाव, वस्ती लिहा. अंगठा असेल तर बाजूला नाव आणि ओळखणाऱ्याची सही. एकाच हाताच्या दहा सह्या चालवू नका, तसल्या एका पानाने उरलेल्या सगळ्या पानांवर संशय येतो. पाड्यावर, वाडीवर स्वतः जा.

मसुदा दोन पानांच्या वर नको. सभागृहाला उद्देशून, सभ्य भाषेत, आरोपांशिवाय: सेवा काय होती, कधीपासून बंद, परिणाम काय, आधी कुणाकुणाला लिहिलं, आणि शेवटी नेमकी विनंती. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलंत तर कार्यवाही म्हणून एक पत्र येईल. त्याऐवजी अमुक फेरी अमुक वेळेला पुन्हा सुरू करावी असं लिहा.

आमदारांना अधिवेशनाच्या गर्दीत गाठू नका, आधी मतदारसंघातच बसून समजावून सांगा. ते राजी नसतील तर पदवीधर, शिक्षक किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून गेलेले विधान परिषदेचे सदस्य आहेत, त्या सभागृहाचीही अशीच समिती असते. पक्ष बघत बसू नका. शक्य असेल तर त्याच विषयावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधीही (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) द्यायला सांगा. मंत्री सभागृहात जे आश्वासन देतात ते आश्वासन समितीच्या नोंदीत जातं.

अर्ज सादर झाल्याची तारीख आणि क्रमांक लिहून घ्या, सगळ्या कागदांचे दोन संच ठेवा, एक सरपंचांकडे आणि एक दुसऱ्या घरी. पाठपुराव्याला दोघं नेमा, त्यांतली एक बाई असू द्या. समिती बोलावेल तेव्हा वर्गणीतून त्यांचं जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवून ठेवा.