अनोळखी मृतदेहाची दातांवरून ओळख पटवताना

मृतदेह जळालेला किंवा कुजलेला असला, की बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या बरोबरीने भरवशाचा पुरावा म्हणजे दात. दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतं. मात्र ओळख पटते ती जिवंतपणीच्या नोंदींशी तुलना करूनच. जुनी नोंद नसेल तर दातांवरून वयाचा अंदाज आणि तंबाखू-मिश्रीसारख्या सवयी, एवढंच कळतं.

देह जळालेला असेल तर आधी फोटो, मग हात. गाल आणि जिभेच्या आड दाढा बऱ्याचदा शाबूत राहतात. समोरचे दात मात्र इतके ठिसूळ होतात की गाडीच्या धक्क्यानेही भुगा होतो. हलवण्यापूर्वी त्यांवर सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) किंवा पारदर्शक लॅकर सोडून ते पक्के करा. न किडलेली, न भरलेली एखादी दाढ डीएनएसाठी राखून ठेवा.

एकमुळी दात मृत्यूनंतर सहज गळतात. रिकाम्या खाचेच्या कडा धारदार असतील आणि आत नवं हाड भरलेलं नसेल, तर तो दात मृत्यूच्या सुमारास किंवा नंतर पडला असं समजा आणि देहाखालची माती, राख चाळा. त्याची नोंद ‘काढलेला दात’ अशी केली, तर पुढची तुलना तिथेच फसते.

चार्टिंग, म्हणजे प्रत्येक दाताची तक्त्यात नोंद, दोघांनी करावं: एकाने तपासून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. दातांना दोन आकडी क्रमांक देणाऱ्या एफडीआय पद्धतीत वरची उजवी बाजू ११ ते १८, वरची डावी २१ ते २८, खालची डावी ३१ ते ३८, खालची उजवी ४१ ते ४८. सगळ्यात जास्त चुका डाव्या-उजव्याच्या होतात, कारण समोर उभं राहिलं की मृताची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. इंटरपोलच्या पद्धतीत मृत्यूनंतरच्या नोंदी गुलाबी फॉर्मवर, जिवंतपणीच्या पिवळ्यावर.

एक्स-रे जिवंतपणीच्या जुन्या फिल्मच्याच कोनातून घ्या, नाहीतर दातातलं तेच भरण वेगळ्या आकाराचं दिसतं. नुसता सांगाडा असेल तर एक्सपोजर (किरणांची मात्रा) कमी करा. जुन्या फिल्मवरचा उठावदार ठिपका मूळ प्रतीत बाजू सांगतो; नक्कल केलेल्या फिल्मवर तो फक्त चित्रात उरतो, आणि फिल्म उलटी धरली गेली तर कळतही नाही.

तुलनेत फरक निघणारच. जुन्या नोंदीत नसलेली कॅप किंवा आरसीटी (रूट कॅनल) मृतदेहात दिसली, तर मधल्या काळात उपचार झाले असतील. पण ३६ क्रमांकाची दाढ काढल्याची नोंद असताना देहात ३६ जागेवर असेल, तर ती व्यक्ती ही नव्हे. फक्त त्याआधी नोंदच चुकली नाही ना, ते तपासा. किती मुद्दे जुळायला हवेत याचा ठरलेला आकडा नाही. मुळाचा एखादा विचित्र वाकही पुरतो, आणि दहा साध्या भरणांचं वर्णन जुळूनही ‘शक्यता आहे’ इतकंच लिहावं लागतं.

मुलांमध्ये वयाचा अंदाज चांगला येतो. डेमिर्जियन या संशोधकाच्या १९७३ च्या पद्धतीत खालच्या डाव्या बाजूच्या सात दातांची वाढ ए ते एच अशा आठ टप्प्यांत मोजतात. अक्कलदाढ मात्र फार बेभरवशाची.

चाव्याच्या खुणेवर आधी लाळेचे स्वॅब घ्या: पहिला ओला, दुसरा कोरडा. मग इंग्रजी एल आकाराची मोजपट्टी ठेवून काटकोनात फोटो. खुणेवरून माणूस ओळखल्याचा दावा करू नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चाव्याच्या खुणांच्या साक्षीवर दोषी ठरलेला कीथ हारवर्ड ३३ वर्षं तुरुंगात काढून २०१६ मध्ये डीएनएमुळे निर्दोष सुटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी: ‘दाढ भरली’ एवढंच लिहू नका; कोणती दाढ, कोणती बाजू, चांदी की कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण), तारखेसह लिहा. पोलिसांनी नोंदी मागितल्या तर मूळ प्रती लेखी पोच घेऊनच द्या आणि स्वतःकडे नक्कल ठेवा.